बाई जागी आहे

बुधवारी संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी माझ्या मीटरवर चौऱ्याण्णव व्होल्टचा आकडा आला. उद्या याच वेळी आई इथेच अनवाणी उभी असणार होती.

मी मीटर बंद करून पुन्हा चालू केलं. तारांची टोकं रुमालाने पुसली आणि परत लावली. एक टोक बागेच्या लोखंडी कठड्याला, दुसरं बाईच्या पायाच्या अंगठ्याला. ओल्या माणसाच्या अंगाचा जेवढा रोध असतो तेवढा रोध मी मध्ये घातला होता, म्हणजे आकडा खोटा पडायला नको. चौऱ्याण्णवच.

बाई म्हणजे कारंज्यातली ब्राँझची मूर्ती. ती गुडघ्यावर बसून धुणं पिळते आणि त्या पिळ्यातून पाणी पडत राहतं. आमच्या सान इल्देफोन्सो गावच्या नदीला पूर आला होता तेव्हा कपडे धुणारी एक बाई वाहून गेली, आणि पुढच्या वर्षी गावाने ही मूर्ती बसवली. सगळं अंग हिरवं पडलंय. येणारे जाणारे हात लावतात म्हणून उजव्या पायाचा अंगठा तेवढा पिवळाधमक राहिलाय.

कार्निव्हलच्या आधीचा गुरुवार आमच्याकडे सख्यांचा. त्या दिवशी ज्यांच्या घरात कुणी ना कुणी नदीवर धुणं धुतलंय अशा अकरा बायका कारंज्यात उतरतात. पहिली कठडा धरते, तिचा हात दुसरीच्या हातात, दुसरीचा तिसरीच्या, अशी साखळी पार मूर्तीपर्यंत जाते. शेवटची, म्हणजे सगळ्यांत वयस्कर, बाईचा हात धरते. नदीने हिला पुन्हा नेऊ नये म्हणून. सहाच्या घंटा संपेपर्यंत हात सोडायचे नसतात. एवढी वर्षं हे चालत आलं आणि कुणाला साधी सर्दीही झाली नाही.

पण एवढी वर्षं बाईच्या पोटातून लोखंडी नळ जमिनीत गेलेला होता. डिसेंबरात डागडुजी झाली तेव्हा तो गंजका नळ काढून प्लॅस्टिकचा घातला. नवा पंप बसवला आणि पाण्याखाली दिवे लावले. लोखंडी नळ हेच बाईचं अर्थिंग होतं, आणि ते कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं म्हणून काढतानाही कुणाच्या लक्षात आलं नाही.

जानेवारीत गावात बातमी पसरली. बाईच्या अंगठ्याला हात लावला की झिणझिण्या येतात. बाई जागी झाली!

माझ्या आईने, सोइलाने, चौतीस वर्षं त्या नदीच्या बर्फासारख्या पाण्यात लोकांची धुणी धुतली. त्यातूनच मला शिकवलं. मी आता मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवते आणि आईची बोटं पक्ष्याच्या पंजासारखी आखडून गेली आहेत. धड उघडत नाहीत, मिटतही नाहीत. गेली पाच वर्षं कॉफीचा कप मी तिच्या तोंडाला लावत होते. एकोणीस जानेवारीला सकाळी ती बागेतून आली, खुर्चीवर बसली, आणि माझी वाट न बघता एका हाताने कप उचलून प्यायली.

त्याच दुपारी मी मीटर घेऊन बागेत गेले. अंगठ्याला आधी हाताची मागची बाजू लावली. विजेच्या वस्तूला तळवा लावायचा नसतो. विद्यापीठात आमच्या प्रयोगशाळेत एका मुलाने लावला होता. लोक म्हणतात करंट हाताला चिकटतो. तसं नसतं. स्नायू आवळतात, मूठ मिटते, आणि ती उघडणं माणसाच्या हातात राहत नाही. तो मुलगा आमच्याकडे बघत होता. त्याला बोलता येत नव्हतं.

त्या दिवशी अकरा व्होल्ट होते. अकरा व्होल्टने काही होत नाही. मी वहीत तारीख आणि आकडा लिहिला आणि घरी आले. आईला काही बोलले नाही. तिने रात्रीचं सूपही स्वतःच्या हाताने प्यायलं.

मग चौदा. मग आठ दिवस शून्य, आणि आई घरात चिडचिड करत राहिली, बाई झोपली म्हणून. मग या सोमवारी एकदम एकतीस. आणि आज माळी सेगुंदोने पाण्याखालचे दिवे लावून बघितले तेव्हा चौऱ्याण्णव.

मी घरी आले तेव्हा आई पलंगावर उद्याचा घागरा पसरून बसली होती. शेजारी एर्मेलिंदा होती. या दोघी नदीवर एकाच दगडावर धुवायच्या. अठरा वर्षांपूर्वी हरवलेल्या एका चादरीवरून भांडल्या आणि तेव्हापासून रस्ता बदलून चालायच्या. बाई जागी झाली तसं भांडण मिटलं, आणि उद्या साखळीत आई शेवटची आणि तिच्या मागे एर्मेलिंदा, असं दोघींनी ठरवलं होतं.

"आई, उद्या तू पाण्यात उतरू नकोस," मी म्हटलं. "मूर्तीत करंट उतरलाय."

"ऐकलंस?" आई एर्मेलिंदाला म्हणाली. "मी तुला काय सांगत होते? हिला कुठे काही चांगलं झालेलं बघवत नाही."

"अगं, हाताला मुंग्या येतात त्या यानेच. वायर कुठेतरी सोललीय. दिवे लागले की माणूस मरेल एवढा येतो."

"मग मी रोज सकाळी हात लावते ती कशी नाही मेले?"

"तेव्हा दिवे नसतात. आणि तुझ्या पायात बूट असतात. उद्या तू अनवाणी पाण्यात असशील आणि तुझ्या मागची साखळी थेट लोखंडाला..."

"सोइला, तुझी पोरगी फळ्यावर लिहिल्यासारखं बोलते गं," एर्मेलिंदा म्हणाली. "घरातही छडी घेऊन बसते का?"

दोघी हसल्या. मग आईने हसणं थांबवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"हे तुला आजच कळलं?"

माझ्या पिशवीत वही होती. एर्मेलिंदासमोर मला ती बाहेर काढवली नाही.

"आज कळलं असेल तर उद्या दुसरंच काही कळेल," आई म्हणाली. "आणि आधीपासून ठाऊक असेल तर मग इतके दिवस तोंड शिवलं होतंस का?" तिने आपली बोटं माझ्यासमोर धरली. तीन बोटं जवळजवळ सरळ होती. "हे बघ. डॉक्टरने पाच वर्षांत केलं नाही ते बाईने महिन्यात केलं. उद्या मी तिचा हात धरणार. बास."

रात्री मी हिशोब मांडत पडून राहिले. कठड्यापासून बाईपर्यंत अकराजणी. सगळ्यांत जास्त धोका दोन टोकांना, आणि त्यातही जी ब्राँझ घट्ट धरेल तिला. आईची बोटं. जी मिटत नाहीत ती उद्या मिटतील. हे एक वाक्य मनातून काही केल्या जाईना.

गुरुवारी सकाळी वीज कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने तक्रार लिहून घेतली आणि म्हणाली, कार्निव्हल झाला की माणूस येईल. मी म्हटलं, आज संध्याकाळी सहाला माणसं मरतील. ती म्हणाली, "मॅडम, आज सकाळपासून मला कार्निव्हलच्या गमतीचे असे चार फोन आलेत. एकाने तर नळातून दारू येते म्हणून सांगितलं."

नगरपालिकेला कुलूप होतं. दारावर कुणीतरी रंगीत फेसाने मिशा काढल्या होत्या.

दुपारी सेगुंदो बागेत भेटला. चांगला माणूस आहे, झाडांशी बोलतो. विजेच्या पेटीची किल्ली त्याच्या गळ्यात दोरीला असते.

"पेटीत नवीन ब्रेकर बसवला होता," मी म्हटलं. "करंट गळायला लागला की तो आपोआप पडतो. मग तो पडत का नाही?"

"पडायचा की! मागे आठ दिवस सारखा पडत होता. चढवला की पडला, चढवला की पडला." तो आजूबाजूला बघून जवळ आला. "बाई झोपली म्हणून बायकांनी माझं जगणं मुश्कील केलं हो मॅडम. म्हणे, सेगुंदोने काहीतरी पाप केलंय. माझी बायको मला जेवायला वाढेना. शेवटी मी तो काढला आणि जागेवर तांब्याची तार घातली, चांगली जाड. त्या संध्याकाळीच बाई जागी!"

"कुणी सांगितलं तुला तार घालायला?"

"सांगितलं असं कुणी नाही." तो ओशाळला. "तुमच्या आईंनी अंजिरं आणून दिली, पाकातली. वर चीज. म्हणाल्या, सेगुंदो, तिला उठव रे, माझे हात परत आखडायला लागले."

मी कठड्यावर हात टेकला, मग पटकन काढून घेतला. कठड्याला काहीच नव्हतं, मला ते माहीत होतं.

"सेगुंदो, किल्ली दे. नाहीतर तूच बंद कर, पंपासकट सगळं."

"आज? बाई कोरडी ठेवू? सगळं गाव येणार, मेयरबाई येणार. मला उद्या घरी बसवतील." माझं तोंड बघून तो नरमला. "दिवे लावत नाही, झालं? आईची शपथ. दिव्यांच्या बटणाला बोटसुद्धा लावत नाही."

दिव्यांशिवाय एकतीस. ओल्या, अनवाणी, सत्तरीच्या म्हाताऱ्यांना एकतीसही कमी नाही. तरी एकतीस आणि चौऱ्याण्णव यांत एक माणूस जगण्याइतकी जागा असते. मी तेवढ्यावर घरी गेले, पण विसंबून राहिले नाही.

आमच्या जुन्या पिकअपची बॅटरी सारखी उतरते. म्हणून दुसऱ्या गाडीवरून करंट घ्यायची जाड वायर सीटमागे असतेच, दोन्ही टोकांना रबरी मुठीचे चिमटे असलेली. लाल आणि काळी मी सोडवून एकीला एक जोडल्या, वरून चिकटपट्टी गुंडाळली. सहा मीटर झाली. बाईपर्यंत पुरायला पाहिजे म्हणून वाड्यांमागच्या गल्लीतल्या गॅरेजमधून आणखी एक जोड मागून आणली. बाई आणि कठडा यांना एकमेकांशी जाड तांब्याने बांधून टाकलं की दोघांमध्ये फरक उरत नाही. फरक नसला की माणसातून काही जात नाही. एवढंच मला करायचं होतं. वडिलांचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातले आणि साडेपाचला बागेत पोचले.

बाग माणसांनी भरली होती. फेसाचे डबे, पाण्याचे फुगे, उकडलेल्या मक्याच्या आणि डुकराच्या मांसाच्या वाफा. बँडवाले एकच धून पुन्हा पुन्हा वाजवत होते. मी वायरचं एक टोक कठड्याला लावलं, रंग खरवडून, चिमटा दोनदा हलवून बघून.

"मास्तरीण आली गं, मास्तरीण! बुटांत बघा कशी शोभतेय!"

"गाडी आणायला विसरलात, मॅडम. नुसती वायरच आणलीत."

कुणीतरी माझ्या तोंडावर फेस मारला. चष्मा पांढरा झाला. मी तो पुसत असतानाच बायका पाण्यात उतरायला लागल्या.

"थांबा!" मी ओरडले. "आधी मला जाऊ द्या! पाण्यात करंट आहे!"

बँडने ते गिळून टाकलं. जवळच्या दोघींनी ऐकलं, त्यांना वाटलं मी गंमत करतेय. एक म्हणाली, "असू दे की, नवऱ्यात उरला नाही, पाण्यात तरी असू दे!" आणि सगळ्या खिदळल्या.

मी कठडा ओलांडून पाण्यात उतरले. डावा हात पाठीमागे कमरेच्या पट्ट्यात खुपसला, कारण दोन हात मोकळे असले की माणूस दुसऱ्याने काहीतरी धरतो आणि करंट छातीतून जातो. उजव्या हातात रबरी मुठीचा चिमटा, मागे पाण्यातून सरपटणारी वायर. तळ शेवाळाने निसरडा होता. बाई बारा पावलांवर. आई माझ्या पुढे होती, घागरा एका हाताने उचलून, दुसरा हात एर्मेलिंदाच्या हातात. मागे साखळी जुळत चालली होती. कठड्याशी कुणाची तरी नवी सून उभी होती. तिने अजून लोखंड धरलेलं नव्हतं, ती केसांतला फेस काढत होती.

चर्चची पहिली घंटा झाली आणि पाण्याखालचे दिवे लागले.

सगळं पाणी एकदम हिरवं उजळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कठड्यापलीकडून सेगुंदोचा आवाज आला, रडवेला, "मी नाही लावले! मी विसरलोच, ते आजपासून घड्याळावर आहेत, मॅडम, ते आपोआप लागतात!"

आणि मग बायकांची किंकाळी ऐकू आली. आनंदाची. पोटऱ्यांना झिणझिण्या आल्या होत्या, पाण्यातूनच.

"जागी आहे! बाई जागी आहे!"

त्या पाण्यात नाचायला लागल्या. एवढा भयंकर आवाज मी जन्मात ऐकलेला नाही. मी पावलं मोजत होते, कारण मोजलं नसतं तर पळाले असते, आणि पळाले असते तर पडले असते. दहा. अकरा. आईने बाईकडे हात पुढे केला. तिच्या बोटांत आणि ब्राँझच्या बोटांत एक वीत राहिली होती. मागे सुनेने कठडा धरला.

"आई!"

तिने मान वळवली. रागाने. हात तसाच पुढे होता, पण मान वळवायला लागला तेवढा वेळ मला पुरला. चिमटा उघडून मी बाईच्या पिवळ्या अंगठ्यावर मारला.

निळा उजेड झाला आणि चाबूक ओढल्यासारखा आवाज आला. मूठ माझ्या हातात गरम झाली, रबर जळाल्याचा वास आला. पाण्याखालचे दिवे गेले, मग बागेचे, मग नदीच्या या काठची सगळी घरं एकामागून एक काळी झाली. बँड थांबला. बाईच्या पिळ्यातून पडणारी धार बारीक झाली आणि तुटली.

मावळतीच्या उजेडात मला आई दिसेना. मग ती खाली दिसली, पाण्यात बसलेली, मान छातीवर. हात लावायला मला धीर होत नव्हता. वीज गेली आहे हे माहीत असूनही मी आधी हाताची मागची बाजू तिच्या गालाला लावली. गाल थंड होता. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार.

"माझा घागरा," आई म्हणाली. "पार नासवलास."

एर्मेलिंदाने तिला उठवलं. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, मग सगळेच बघायला लागले. आईने दोन पावलं टाकून बाईचा हात धरला. घट्ट, दोन्ही हातांनी. बराच वेळ धरून उभी राहिली.

"गेली," ती म्हणाली.

सख्यांच्या गुरुवारी बाईला मारणारी म्हणून त्या आठवड्यात आमच्या दारावर दोनदा अंडी फुटली. कार्निव्हल संपल्यावर वीज कंपनीचा माणूस आला. पेटीतली तार वितळून दोन थेंब झाली होती. बाईच्या गुडघ्याखाली दिव्यांची वायर दबून सोलली होती, बोटभर तांबं उघडं होतं. तो माणूस आमच्या घरी येऊन आईला म्हणाला, "मावशी, तुम्हा अकराच्या अकराजणींचा नवा जन्म झाला." आईने त्याला कॉफी दिली. कप मला भरायला लावला.

तो गेल्यावर तिने विचारलं, "तुझी ती वही कुठाय?"

मी आणून दिली. तिने चष्मा लावला. आई आकडे वाचते, धुण्याचे नग लिहून ठेवायची. तिचं बोट पहिल्याच ओळीवर थांबलं.

"एकोणीस जानेवारी."

"हो."

"त्या दिवशी मी कप उचलला होता."

"हो."

आईने वही मिटली. ती ओरडेल, माझं तोंड बघणार नाही म्हणेल, असं मला वाटत होतं. ती खिडकीतून बाहेर बघत बसली. तिच्यासमोरची कॉफी गार होत गेली. मी कप उचलून तिच्या ओठांशी नेला तेव्हा तिने आधी मान फिरवली, मग थोड्या वेळाने प्यायली.

आता बाईच्या अंगातून हिरव्या आवरणाची जाड वायर जमिनीत गेली आहे. आई अजून रोज सकाळी बागेत जाते, पण एकटी जात नाही. मला उठवते. बोटं पुन्हा पहिल्यासारखी आखडली आहेत. अंगठ्यासमोर उभी राहून ती हात मागेच ठेवते आणि म्हणते, "मोज."

मी मोजते.

"किती?"

"शून्य."

"नीट बघ."

मी पुन्हा बघते. तीन महिन्यांत एकदाही शून्याखेरीज काही आलेलं नाही. तरी आधी मी स्वतःचा हात लावते, मागची बाजू, श्वास धरून. मग तिला म्हणते, "लाव."